शाळेत कथा शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते बारावीच्या वर्गांना मराठी शिकवणारे शिक्षक आणि घरी मुलांना लिहायला बसवणारे पालक कथेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे. कथा समजणे आणि कथा लिहिणे हे दोन वेगळे घटक मानू नका. ज्या तासाला कथा वाचली त्याच तासाला, तिच्याच एखाद्या जागेवर, मुलांच्या हातून चार ओळी लिहून व्हायला हव्यात.

सुरुवात कोणत्या कथेपासून करावी?

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीपासून. आठवी-नववीच्या वर्गातसुद्धा. "बाई, ही तर बालवाडीची गोष्ट!" असे म्हणून मुले हसतात, हसू द्यावे. गोष्ट सगळ्यांना पाठ असल्यामुळे पुढे काय झाले यात वेळ जात नाही आणि ती रचली कशी आहे याकडे थेट वळता येते.

काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, काऊ चिऊच्या दारात उभा राहतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आतून उत्तर येते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." मग थांब, अंग पुसते. मग थांब, तीट लावते. घरोघरी ही यादी वेगळी असते. ज्याने त्याने आपल्या आजीची यादी सांगावी आणि ती फळ्यावर मांडावी, एवढ्यानेच वर्ग जागा होतो.

आता विचारा: चिऊ सरळ "नाही उघडत" असे का म्हणत नाही? वर्गात दोन तट पडतात. काहींच्या मते ती खरेच कामात आहे, काहींच्या मते तिला दार उघडायचेच नाही. गोष्ट स्वतः यावर अक्षर बोलत नाही. कोणीही काहीही म्हणावे, पण पुरावा गोष्टीतलाच द्यावा, एवढा नियम ठेवा. पुढचा प्रश्न: ती "थांब" एकदाच म्हणाली असती तर? मुलांच्या लक्षात येते की पहिल्या "थांब"ला आपण चिऊच्या बाजूचे असतो आणि तिसऱ्या-चौथ्याला आपले मन दाराबाहेर भिजणाऱ्याकडे सरकते. पुनरावृत्ती म्हणजे नुसता ताल नव्हे, ती ऐकणाऱ्याचे मत बदलते, हे व्याख्येशिवाय कळते.

शेण आणि मेणच का? पावसात शेण वाहते, उन्हात मेण वितळते. मग हीच गोष्ट वैशाखात घडली असती तर? या प्रश्नाला उत्तर देणारे मूल कथा रचायला लागलेले असते.

लेखनाचे काम लगेच द्या. हीच गोष्ट दाराबाहेरच्या कावळ्याने सांगायची, दहा ओळींत. अट अशी की "दुःख", "वाईट वाटले", "राग आला" हे शब्द वापरायचे नाहीत. पंख, चोच, दाराची फट, आतून येणारा पाण्याचा आवाज, यांतूनच सांगायचे. या एका अटीने लेखनात जेवढा फरक पडतो, तेवढा वर्णनाच्या दहा सूचनांनी पडत नाही.

दुसऱ्या तासाला भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट घ्या. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा", असे म्हातारी वाघाला सांगते आणि त्या क्षणी एक देणे उभे राहते. लेकीकडचे सुखाचे दिवस आपण निवांत ऐकू शकत नाही, कारण परतीच्या वाटेवर वाघ आहे हे आपल्याला ठाऊक असते. उत्कंठा म्हणजे काय, हे यापेक्षा सोपे करून सांगणे अवघड आहे.

मग तात्पर्य विचारायचेच नाही का?

पहिला प्रश्न म्हणून नाही. परिपाठात रोज बोधकथा होते आणि तिच्यामागोमाग तात्पर्य येते. वर्षानुवर्षे हे ऐकून मुलांचा समज होतो की गोष्ट म्हणजे उपदेशाकडे जाणारा रस्ता. मग कथा पूर्ण न वाचताच "खोटे बोलू नये" असे उत्तर तयार असते.

बोधकथेला कमी लेखायचे कारण नाही. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक अशी मांडणी आहे. आधी वचन, मग गोष्ट, मग तिचा लागू पडणारा अर्थ. तेराव्या शतकातल्या मराठी गद्याचे ते मोठे काम आहे आणि तिथे अर्थ उलगडून सांगणे हाच हेतू आहे. लघुकथेचा हेतू तो नाही. तिच्यातून अर्थ बाजूला काढला तर हातात एक वाक्य उरते आणि माणसे निघून जातात.

तात्पर्याऐवजी विचारा: या कथेतल्या कोणाशी तुमचे पटत नाही? कोणाला आणखी एक संधी द्यावी असे वाटते? उत्तरे देताना मुले आपोआप मूल्यांबद्दल बोलतात, तेही पोपटपंची न करता.

मुलाला कथा समजली हे कसे ओळखायचे?

सारांश सांगता आला म्हणजे समजली असे नाही, सारांश मार्गदर्शक पुस्तकातही असतो. त्याऐवजी एखादा तपशील काढून टाका आणि काय बिघडले ते विचारा. किंवा पात्राच्या ओठांवर आलेले पण त्याने न बोललेले वाक्य लिहायला सांगा. ज्याला कथा कळली नाही तो तिथे व्याख्यान लिहितो. ज्याला कळली तो दोन-चार शब्दांत थांबतो.

कथानक, निवेदक, वातावरण या संज्ञा कधी सांगाव्यात?

मुलांनी ती गोष्ट करून पाहिल्यानंतर. कावळ्याच्या तोंडून गोष्ट लिहून झाली की "तुम्ही आत्ता निवेदक बदललात" असे सांगा, संज्ञा डोक्यात बसते. बारावीच्या 'युवकभारती' या मराठीच्या पाठ्यपुस्तकात कथा हा साहित्यप्रकार स्वतंत्रपणे अभ्यासाला आहे. घटकांची ओळख आधी आणि त्यानंतर व. पु. काळे यांची 'शोध' व प्रतिमा इंगोले यांची 'गढी' असा तिथला क्रम आहे. शिकवताना तो उलटा करायला हरकत नाही. आधी दोन्ही कथा मोठ्याने वाचून काढाव्यात आणि मग परिचयाकडे यावे.

"सर, काही सुचतच नाही" याला उत्तर काय?

बहुतेक वेळा विषय फार मोठा दिलेला असतो. "प्रामाणिकपणा", "मैत्री", "निसर्गाचा कोप" यांवर मोठ्या लेखकालाही चटकन काही सुचणार नाही. विषय लहान करा. एक माणूस, एक वस्तू, एक अडचण आणि एकच संध्याकाळ, एवढेच द्या.

उदाहरण घ्या. आठवीतली मुलगी सहामाही परीक्षेच्या दिवशी एसटीत चढते आणि तिच्याकडे पास नाही. तिला काय हवे आहे? वेळेवर शाळेत पोहोचणे. आड काय येते? कंडक्टर आणि नियम. इथपर्यंत सगळा वर्ग येतो, पण कथा अजून झालेली नाही, नुसता प्रसंग झाला. आता तिसरा प्रश्न विचारा: ती काय लपवते आहे? कोणी म्हणेल, पास हरवलेला नाही, तिने तो कोणाला तरी दिलाय. कोणी म्हणेल, पास घरीच आहे, वडिलांनी काढून घेतलाय, कारण तिला शाळेतून काढायचे ठरले आहे. कोणी म्हणेल, कंडक्टर तिचा मामाच आहे आणि दोन घरांत बोलणे बंद आहे. प्रत्येक उत्तरासरशी वेगळी कथा उभी राहते. काय हवे, आड काय येते आणि लपवले काय, हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगावेत.

दुसरा उपाय वर्षभराचा आहे. वहीच्या शेवटच्या पानावर रोज एक ऐकलेले वाक्य टिपायचे. नळावर, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, कारखान्याच्या पाळीवरून परतणाऱ्या माणसांत कानावर पडलेले, जसेच्या तसे. दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलाकडे संवादांचा स्वतःचा साठा होतो. ज्या मुलांच्या घरी पुस्तके नाहीत त्यांचे पान या कामात बरेचदा सगळ्यांत समृद्ध निघते, आणि ते वर्गासमोर वाचून दाखवावे.

परीक्षेतल्या कथालेखनाची तयारी कशी करून घ्यावी?

मुद्द्यांवरून, शीर्षकावरून, दिलेल्या शब्दांवरून किंवा अपूर्ण कथा पूर्ण करा, असे प्रकार येतात. शब्द मिळतात शंभराच्या आसपास. गफलत बहुधा एकाच ठिकाणी होते, मुले अर्धी जागा प्रस्तावनेत घालवतात.

समजा मुद्दे असे आहेत: गावची यात्रा, हरवलेले मूल, फुगेवाला, लोकांचा संशय, सत्य समजणे. नेहमीचे उत्तर असे सुरू होते: "एक गाव होते. त्या गावात दरवर्षी यात्रा भरत असे. लांबून लांबून लोक यात्रेला येत असत. तेथे पाळणे, मिठाईची दुकाने, खेळणी असत." जागा संपत आली आणि मूल अजून हरवलेले नाही.

आता हे वाचा: "फुगेवाल्याच्या कडेवरचे पोर रडायचे थांबेना, तशी यात्रेतली माणसे गोळा होऊ लागली." यात्रा, मूल, फुगेवाला आणि संशयाची चाहूल एका वाक्यात आली. उरलेली सगळी जागा आता संशयाला मिळाली, आणि कथा तिथेच आहे. कोणीतरी त्याचा दोरा धरतो, फुगे सुटतात, तरी तो पोराला खाली ठेवत नाही. सत्य समजते ते आईच्या येण्याने, की पोरानेच त्याची मान घट्ट धरल्याने? या निवडीवर उत्तराचा दर्जा ठरतो.

मुलांना एवढेच सांगा की सगळे मुद्दे यायला हवेत, पण सगळ्यांना सारखी जागा द्यायची नाही. जिथे माणसे एकमेकांसमोर उभी ठाकतात तिथे थांबा, बाकीचे पळवा. शीर्षक विसरू नका. तात्पर्य मागितले असेल तर एका ओळीत द्या आणि ते कथेच्या पोटात घुसवू नका. अपूर्ण कथा पूर्ण करताना दिलेल्या भागातली नावे, काळ आणि निवेदक तसेच राहिले पाहिजेत. "मी"ने सुरू झालेली कथा मध्येच "तो"वर जाते, त्यावर लक्ष ठेवा.

सगळ्यांच्या कथांचा शेवट स्वप्न, अपघात किंवा बक्षीस समारंभ का असतो?

शेवट कुठून आणायचा हे कोणी दाखवलेले नसते म्हणून. एका सत्रापुरती "आणि मला जाग आली" या वाक्यावर वर्गात बंदी घाला. अपघाताबद्दल समजावून सांगा: योगायोगाने अडचण आली तर वाचक मान्य करतो, योगायोगाने ती सुटली तर त्याला फसवल्यासारखे वाटते. अपघात हवाच असेल तर तो पहिल्या परिच्छेदात घाला.

सगळ्या वर्गाला एकच कथा शेवटाविना द्या आणि गटागटाने शेवट लिहायला लावा. मग प्रत्येक शेवटाची बीजे आधीच्या भागात बोट ठेवून दाखवायची. ज्या गटाला दाखवता येत नाहीत त्यांनी शेवट बदलायचा नाही, सुरुवातीत काहीतरी पेरून यायचे. मागे जाऊन पेरायची ही मुभा आहे हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो पाहण्यासाठी हा तास घ्यावाच.

संवाद बोलीभाषेत लिहिले तर चालतील का?

चालतीलच काय, लिहावेत. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत ही मराठी कथेतली रुळलेली वाट आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणसांनी माणदेशी बोलू नये किंवा शंकर पाटलांच्या पात्रांनी कोल्हापूरकडचे बोलणे सोडावे, असे म्हणता येईल का? 'गढी'चे संवाद वऱ्हाडी वळणाचे आहेत. परीक्षेत निवेदन प्रमाणभाषेतच ठेवण्याची सवय मात्र लावावी.

एका गोष्टीवर कडक राहा. मुलांच्या कथांत डॉक्टर, साहेब आणि शिक्षक प्रमाण मराठी बोलतात आणि बोली फक्त गडी, चोर किंवा विनोदी पात्राच्या तोंडी येते. हे दिसले की थांबून बोला. खेड्यातली हुशार, गंभीर, प्रेमळ माणसेही त्यांच्या बोलीतच बोलतात.

अहिराणी, मालवणी, झाडीबोली, गोरमाटी किंवा भिली घरी बोलणाऱ्या मुलांनी पहिला मसुदा त्याच भाषेत लिहिला तर उत्तम. भाषांतर दुसऱ्या दिवशी होईल. विचार आधी मोकळा होऊ द्या.

शुद्धलेखनाच्या चुका किती काढाव्यात?

पहिल्या मसुद्यात एकही नाही. दुसऱ्या मसुद्यात त्या मुलाची वारंवार होणारी एकच चूक घ्या, सगळी वही लाल करू नका. भित्तिपत्रकावर लागणारी प्रत मात्र निर्दोष असावी, ती इतर मुले वाचणार आहेत.

पटावर साठ मुले आहेत. एवढ्या कथा तपासायच्या कशा?

सगळ्या तपासू नका. मुलांनी जोडीने एकमेकांच्या कथा मोठ्याने वाचाव्यात आणि ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी सांगाव्यात: कुठे डोळ्यांपुढे चित्र आले आणि कुठे गोंधळ झाला. "छान आहे" हे उत्तर धरायचे नाही. तुम्ही आठवड्याला दहा वह्या नीट वाचा आणि प्रत्येकीच्या समासात एक प्रश्न लिहा. "आजीने दार का लावून घेतले?" असा प्रश्न शेऱ्यापेक्षा जास्त काम करतो, कारण मूल त्याचे उत्तर लिहायला बसते.

वाचायला काय द्यावे?

पाचवी ते आठवीसाठी बालभारतीचे 'किशोर' मासिक. ते १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. वाचनपेटीत दहा-बारा सुटे अंक असले तरी वर्षभर पुरतात.

नववी-दहावीला माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधले 'झेल्या' वाचून दाखवा. ते व्यक्तिचित्र आहे, पण शाळेतला पोरगा आणि त्याचा मास्तर यांतले नाते मुलांना लगेच ओळखीचे वाटते. द. मा. मिरासदारांची 'भुताचा जन्म' अफवा कशी वाढते ते दाखवते, आणि तिच्यावरून आपल्या गावातल्या अफवेची कथा लिहायला लावता येते. अण्णा भाऊ साठे आणि शंकर पाटील याच वयात वाचले जावेत.

अकरावी-बारावीला पल्ला वाढवा. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्यापासून नवकथा कळू लागते, कारण तिथे घटना थोडी आणि मनातली हालचाल जास्त. विजया राजाध्यक्ष आणि आशा बगे यांच्या कथा घराच्या आत काय घडते ते दाखवतात. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. तो वर्गात घ्यायला शिक्षक कचरतात, माझ्या मते घ्यावाच, मात्र आधी स्वतः वाचून, चर्चेला पुरेसा वेळ राखून. गोव्यातल्या शाळांनी लक्ष्मणराव सरदेसाईंच्या कथा जरूर द्याव्यात, तिथली माणसे आणि निसर्ग मुलांच्या अंगणातलाच आहे. जी. ए. कुलकर्णी शोधून काढणारे एखादे मूल प्रत्येक वर्गात असते, त्याला अडवू नका आणि बाकीच्यांवर लादू नका.

कथाकथन हा वेगळा उपक्रम ठेवावा का?

वेगळा नको, लेखनातच गुंफावा. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार गावोगावी एकत्र कथाकथन करत, तेव्हा आयुष्यात कथासंग्रह हाती न घेतलेली माणसेही दाद देत बसत. ऐकताना वाक्य कुठे लांबले ते लगेच समजते. मुलाने दुसरा मसुदा करण्याआधी आपली कथा वहीत न पाहता सांगावी. सांगताना जे आपोआप गळून पडते ते बहुतेक वेळा लेखनातही नको असते.

मुलाने घरातली मारहाण किंवा छळ कथेत लिहिला तर?

आधी ती कथा वर्गात वाचली जाणार नाही याची काळजी घ्या. भित्तिपत्रकाला तर नाहीच. मुलाशी एकांतात, शांतपणे बोला. "हे खरे आहे का?" असे दरडावून विचारू नका, "यातल्या मुलाला कोणाची मदत हवी आहे?" असे विचारा. धोका खरा वाटला तर मुख्याध्यापकांना सांगा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. अशा कथेला गुण देऊ नका आणि तिच्यातल्या चुकाही काढू नका.

परदेशातल्या मराठी शाळेत, जिथे मुलांची मराठी तोकडी आहे, तिथे कथा घेता येईल?

येईल. चिमणी-कावळ्याची गोष्ट तिथे दुप्पट उपयोगी, कारण वाक्ये छोटी आहेत आणि तीच तीच परत येतात. फोनवरून आजी-आजोबांकडून त्यांच्या लहानपणीचा एक प्रसंग ऐकून तो पाच वाक्यांत लिहायचा, हेही काम चांगले होते. शब्द अडला तर मुलाने जागा मोकळी सोडावी आणि नंतर विचारावा.

मुले मोबाईलवरून तयार कथा उतरवून आणतात किंवा यंत्राकडून लिहून घेतात. काय करावे?

पहिला मसुदा वर्गातच, हाताने, वीस मिनिटांत लिहून घ्या. घरी फक्त दुरुस्ती जाऊ द्या. शंका आली तर आरोप करू नका, मुलाला शेजारी बसवून कथेबद्दल बोला: हे घर कुठल्या गल्लीतले? म्हाताऱ्याच्या पायात काय होते? हा प्रसंग तू आधी कुठे ठेवला होतास? ज्याने लिहिले त्याच्याकडे कागदावर न आलेली माहितीही असते. ज्याच्याकडे ती नाही त्याला तीच कथा परत द्या आणि सांगा की यातल्या एका पात्राला आपल्या गल्लीत राहायला आण आणि मग पुन्हा लिही. दुसऱ्या प्रतीत बहुधा पिठाच्या गिरणीचा पट्टा, शेजारच्या काकूंचा कुत्रा, लोडशेडिंगची वेळ असे काहीतरी येते. गुण त्या प्रतीला द्या.